छोट्या डीझेल इंजिनांचें आयुष्य

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या मुखावर स्मित उमटलें असेल. टेबलावरच्या रुळांवरून धांवणारीं वीतभर लांबीचीं डीझेल इंजिनें, तीं स्वतःच्या हातांनीं घडविणारे हौशी कारागीर, आणि इंजिनाचें एखादें दंतचक्र फुटलें असतां त्याच्या जागीं बसेल असें दुसरें शोधीत फिरणारे लोक, हा कांहीं इतिहासाचा विषय आहे काय, असें कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील. राज्यें, लढाया आणि तह यांच्यापुढें हा विषय क्षुल्लक खरा. परंतु क्षुल्लक वस्तूंच्या इतिहासांत एक मोठी सोय असते. मोठ्या यंत्रांच्या बाबतींत जें सत्य कारखान्यांच्या पसाऱ्यांत दडून राहतें, तेंच येथें टेबलावर मांडून पाहतां येतें. तें सत्य असें कीं, यंत्र करणारा मनुष्य गेला, त्याचा कारखाना बंद पडला, तरी यंत्र जगूं शकतें. मात्र त्यासाठीं त्या यंत्राचीं मापें एकट्या कर्त्याच्या मालकीचीं असून भागत नाहीं, तीं सर्वांचीं असावीं लागतात.

छोटें इंजिन हें मोठ्या इंजिनाचेंच अपत्य असल्यामुळें प्रथम मोठ्याची हकीकत सांगितली पाहिजे. वाफेच्या इंजिनांच्या काळांत अमेरिकेंतील प्रत्येक मोठी रेल्वे कंपनी आपलें इंजिन आपल्या तऱ्हेनें करवून घेत असे. कोणाच्या मार्गावर घाट, कोणाचा कोळसा हलका, तर कोणाचें पाणी क्षारयुक्त. साहजिकच एका कंपनीच्या इंजिनाचा भाग दुसरीच्या इंजिनाला क्वचितच उपयोगीं पडे. १९३९ सालीं जनरल मोटर्सच्या छत्राखालील इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीनें १०३ क्रमांकाचें एक डीझेल इंजिन प्रयोगादाखल बाहेर काढलें. चार भाग जोडून केलेलें तें इंजिन ५,४०० अश्वशक्तीचें होतें. अकरा महिन्यांत वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर तें ८३,७६४ मैल धांवलें आणि मालगाड्या ओढण्याच्या कामीं त्यानें वाफेला मागें टाकलें. पुढें वीस वर्षांच्या आंतबाहेर, म्हणजे १९६० सालापर्यंत, अमेरिकेंतील मोठ्या रेल्वेमार्गांवरून वाफेचें इंजिन जवळजवळ नाहींसें झालें.

या विजयांत इंधनाच्या बचतीचा वाटा मोठा होता. परंतु तितकाच मोठा वाटा एका नव्या शिस्तीचा होता. इलेक्ट्रो-मोटिव्हनें गिऱ्हाइकाला सांगितलें कीं, इंजिन आमच्या नमुन्याचेंच मिळेल. तुम्हीं रंग निवडावा आणि किरकोळ जोडण्या निवडाव्या. १९४९ ते १९५३ या काळांत बाहेर पडलेलें त्यांचें एफ-७ हें इंजिन तीन हजारांहून अधिक संख्येनें तयार झालें. एकाचा दट्ट्या काढून दुसऱ्यांत घालावा, तर तो बिनतक्रार बसे. बिघडलेला भाग दुरुस्त करीत इंजिन महिनोनमहिने अडकवून ठेवण्यापेक्षां तो बदलून इंजिन रुळांवर पाठविणें, हा नव्या युगाचा धर्म ठरला. सांता फे रेल्वेचें तांबडें व रुपेरी एफ-७ आणि दुसऱ्या एखाद्या रेल्वेचें निळें एफ-७ हीं रंगानें कितीही भिन्न दिसलीं, तरी अंतरंगीं एकच होतीं.

आतां छोट्या रुळांकडे वळूं. १९२२ सालीं जर्मनींतील बिंग या खेळणीं बनविणाऱ्या कंपनीनें जेवणाच्या टेबलावर मांडतां येईल अशी आगगाडी बाजारांत आणली. तिच्या दोन रुळांमधील अंतर सुमारें १६.५ मिलिमीटर होतें. त्या वेळीं प्रचलित असलेल्या ‘ओ’ नांवाच्या मापाच्या जवळजवळ निम्में, म्हणून पुढें या मापाच्या एका शाखेला ‘हाफ ओ’ किंवा ‘एच-ओ’ असें नांव पडलें. तिचें प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खऱ्या रेल्वेच्या रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागिलें कीं १६.५ येतात. पस्तीस वर्षें मुलांना अपूर्णांक शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तराला हा भागाकार फार आवडतो. साऱ्या हौशी जगाचा पाया या एका भागाकारावर उभा आहे.

परंतु केवळ रुळांतील अंतर ठरून भागलें नाहीं. चाकाची कड किती खोल, दोन चाकांच्या आंतील बाजूंमध्यें अंतर किती, विजेचा दाब किती, डबे जोडणारी कडी किती उंचीवर, या सर्व बाबतींत प्रत्येक कारागीर स्वतंत्र होता. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर ठेवला कीं पहिल्याच सांध्यावर घसरे. आपल्याकडे पूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे व बाजाराला गेलेला शेतकरी त्यांत नागवला जाई. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं तेव्हां तो घोळ मिटूं लागला. तसाच हा घोळ होता. १९३४ सालीं मिल्वॉकी शहरीं ए. सी. कॅलम्बाक यांनीं ‘मॉडेल रेलरोडर’ हें मासिक सुरू केलें, आणि दुसऱ्याच वर्षीं, १९३५ सालीं, त्याच शहरांत हौशी मंडळी व लहान कारखानदार यांनीं एकत्र जमून नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन हा संघ स्थापन केला. संघाचें मुख्य कार्य म्हणजे चाकांचीं व रुळांचीं मापें ठरवून तीं प्रसिद्ध करणें. या संघापाशीं ना पोलीस ना न्यायालय. पण त्याच्या मापाचें चाक न केल्यास माल खपेनासा झाला, आणि शिक्षेचें काम गिऱ्हाइकानेंच केलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या हौसेला भर आला. कॅलिफोर्नियांतील आयर्विन ॲथर्न या गृहस्थांनीं १९४६ च्या सुमारास आपला व्यवसाय पूर्ण वेळ आरंभिला. पुढील दशकांत त्यांनीं ग्लोब नांवाच्या एका कंपनीचे सांचे विकत घेतले, आणि त्यांतून ओतलेल्या प्लॅस्टिकच्या कवचाचें एफ-७ इंजिन साधारण मिळकतीच्या गृहस्थालाही परवडूं लागलें. आरंभींच्या कांहीं इंजिनांत मोटरपासून चाकांपर्यंत गति नेण्याचें काम रबरी पट्ट्यांकडे सोंपविलें होतें. इंजिन हिसका देऊन सुटे, भलत्याच वेगानें पळे, आणि वर्षा-दोन वर्षांत रबर वाळून तुटे. मग दंतचक्रांची रचना आली व ती मात्र टिकाऊ ठरली. मोटर मध्यभागीं, तिच्या दोन्ही टोकांस मळसूत्र, मळसूत्राखालीं दंतचक्रांची उतरंड आणि शेवटीं चाकाचा आंस, ही ती रचना. पुढें पन्नास वर्षें तिच्यांत मूलभूत बदल झाला नाहीं. त्यामुळें वडिलांच्या इंजिनाचा भाग मुलाच्या इंजिनाला बसत राहिला.

येथपर्यंत आपण सारखेपणाचे गुण गाइले. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं सारखेपणा हातीं आला, कीं त्याला वेगळेपणाची ओढ लागते. हौशी गृहस्थाला सरसकट डीझेल इंजिन नको असतें. त्याला हवें असतें तें अमुक रेल्वेचें, अमुक क्रमांकाचें, अमुक सालीं दिसत असे तसें इंजिन. कारखान्यांतून निघतांना सारखीं असलेलीं खरीं इंजिनें पंधरा-वीस वर्षांच्या चाकरीनंतर सारखीं राहत नाहींत. कोणाचा भोंगा छपरावर हलविलेला असतो; हिमप्रदेशांत धांवणाऱ्यापुढें बर्फ सारणारा नांगर बसतो; अपघातांत चेपलेलें नाक बदलतांना दुसऱ्याच नमुन्याचें बसवितात. हे सारे बारकावे बाजारी प्रतिकृतींत कोठून येणार? म्हणून तीं मनाजोगीं घडविण्याची विद्या उदयास आली.

या विद्येची रीत थोडक्यांत सांगतों. दोन निरनिराळ्या इंजिनांचीं कवचें घ्यावीं. खऱ्या इंजिनाच्या छायाचित्रांवरून मापें काढावीं. पत्र्याचे जोड दाखविणाऱ्या रेषा ज्या ठिकाणीं कवचावर कोरलेल्या असतात, नेमकें तेथेंच बारीक दांत्यांच्या करवतीनें कापावें, म्हणजे सांधा लपतो. प्लॅस्टिक विरघळविणाऱ्या द्रवानें तुकडे जोडावे, फटींत लांबी भरावी, पाण्यांत भिजविलेल्या पॉलिश कागदानें घांसावें. ओतीव कठडे जाड असतात; ते खरवडून काढून त्यांच्या जागीं पितळेची बारीक तार वांकवून बसवावी. मग रंग, आणि त्यावर पाण्यांत भिजवून सरकवितां येणारीं छापील अक्षरें. ॲथर्नच्या कांहीं जुन्या नमुन्यांत मोटर मावावी म्हणून इंजिनाचें कवच प्रमाणापेक्षां रुंद केलें होतें. पुढें अरुंद मोटरी मिळूं लागल्यावर हाडाच्या कारागिरांनीं त्या कवचांची मधली पट्टी उभी कापून काढली व दोन बाजू पुन्हा जोडून तें सडपातळ केलें. एवढी खटपट करूनही पाहणाराला फरक कळला नाहीं, तर कारागीर तें आपलें यश समजतो.

असली जोडाजोड हा खेळण्यांतलाच प्रकार आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. सांता फे रेल्वेनें १९७० ते १९७८ या काळांत टेक्सास संस्थानांतील क्लीबर्न येथील आपल्या कारखान्यांत २३३ जुन्या एफ-७ इंजिनांचा असाच कायापालट केला. एफ-७ चें अंग बंदिस्त असे, आणि पुलाच्या कैचीप्रमाणें त्या अंगाचा सांगाडाच भार वाहत असे. तें सारें काढून टाकून खालीं नवी भक्कम चौकट घातली, वर अरुंद खोका व चालकाची खोली बसविली, आणि आंतील यंत्रसामग्री जुनीच शक्य तितकी वापरली. या नव्या जातीला सीएफ-७ असें नांव मिळालें. सांता फेचा उपयोग संपल्यावर यांपैकीं कित्येक इंजिनें लहान रेल्वे कंपन्यांनीं विकत घेतलीं व तीं पुढें बरींच वर्षें राबलीं. मोठ्यांनीं केलें तें काटकसरीपोटीं, लहानांनीं केलें तें हौसेपोटीं. पण दोहोंचा आधार एकच. आंतील भाग ठरीव मापाचे होते म्हणूनच बाहेरचें रूप पालटतां आलें.

आतां सुट्या भागांचा प्रश्न. इंजिन घडविणें आनंदाचें, पण तें चालू ठेवणें चिकाटीचें काम आहे. दोषांचे तीन प्रकार प्रामुख्यानें आढळतात.

पहिला दोष दंतचक्राचा. हें चक्र प्लॅस्टिकचें असून चाकाच्या आंसावर दाबून बसविलेलें असतें. कांहीं वर्षांनीं तो ताण सहन न होऊन दोन दांत्यांमध्यें बारीक चीर पडते. चीर पडली कीं तेथील दोन दांत्यांमधलें अंतर वाढतें, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर इंजिन ठेंच लागल्यासारखें अडखळतें. हें प्लॅस्टिक इतकें गुळगुळीत असतें कीं त्याला डिंक धरत नाहीं. चक्र बदलणें हाच उपाय. अमेरिकेंतील एका लोकप्रिय मालिकेच्या इंजिनांना हा रोग मोठ्या प्रमाणावर जडला. तेव्हां हौशी लोकांच्या ध्यानांत आलें कीं, त्या मालिकेची यंत्ररचना ॲथर्नच्या रचनेवरून घेतलेली असल्यामुळें ॲथर्नचें चक्र तेथें बेमालूम बसतें. एरवीं ज्याला आपण अनुकरण म्हणून नाक मुरडलें असतें, तेंच येथें शेंकडों इंजिनांना तारक ठरलें.

दुसरा दोष धातूचा. जुन्या प्रतिकृतींच्या चौकटी जस्ताच्या मिश्रधातूंत ओतलेल्या असत. ओततांना त्यांत शिशाचा अल्पसा जरी अंश राहिला, तरी कालांतरानें ती चौकट फुगते, तडकते आणि शेवटीं बोटांत चुरगळते. हौशी लोक यास जस्ताची कीड म्हणतात. हा रोग औषधानें बरा होत नाहीं. चौकटच नवी करावी लागते, आणि ती करतां येईल कीं नाहीं हें पुन्हा मापें ठाऊक आहेत कीं नाहींत यावर अवलंबून असतें.

तिसरा दोष मोटरीचा. उत्तम मोटरी पुरविणारे कारखानेही अमर नसतात. जपानमधील माशिमा या कंपनीच्या मोटरी जगभर नांवाजलेल्या होत्या; या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ती कंपनी बंद झाली, आणि अनेकांना पर्याय शोधणें भाग पडलें. पर्यायी मोटर शोधतांना तिची लांबी-रुंदी, फिरणाऱ्या दांड्याची जाडी आणि फेऱ्यांचा वेग हीं पाहावीं लागतात. दांडा दीड मिलिमीटरचा आणि मळसूत्राचें भोंक दोन मिलिमीटरचें असेल, तर मधें पितळेची नळी घालून तफावत भरून काढतात.

येथें एक लहानसें गणित सांगण्याचा मोह आवरत नाहीं. हातीं आलेलें अनोळखी दंतचक्र कोणत्या मापाचें, हें कसें ओळखावें? दांते मोजावे; त्या संख्येंत दोन मिळवावे; आणि चक्राच्या बाहेरील व्यासास त्या बेरजेनें भागावें. समजा, दांते वीस आहेत व बाहेरील व्यास ८.८ मिलिमीटर भरला. वीस अधिक दोन बावीस, ८.८ भागिलें २२, उत्तर ०.४. हें मेट्रिक पद्धतीचें एक प्रचलित माप झालें. परंतु इंचांच्या पद्धतींत व्यासाच्या एका इंचास ६४ दांते धरून केलेलें चक्र मोजल्यास उत्तर ०.३९७ येतें. दोहोंतील फरक शेंकडा एकापेक्षांही कमी. डोळ्यांनीं तो दिसणें शक्य नाहीं. म्हणून सूक्ष्म मापकानें मोजल्याखेरीज जुनें चक्र नव्याशेजारीं बसवूं नये. गणित हें शाळेबाहेर निरुपयोगी असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना हें उदाहरण अवश्य सांगावें.

सुटे भाग मिळविण्याचे मार्गही इतिहासानेंच घडविले आहेत. पहिला मार्ग सांच्यांचा. कारखाना बुडाला तरी त्याचे पोलादी सांचे उरतात. पेनसिल्व्हेनियांतील बाऊझर या कंपनीनें पेन लाइन व वार्नी यांसारख्या जुन्या कारखान्यांच्या वाफेच्या प्रतिकृतींचे हक्क आणि सांचे घेतले, आणि पुढें स्टुअर्ट या नांवाचीं डीझेल इंजिनेंही आपलीं केलीं. अशा तऱ्हेनें सांचे हातोहात फिरत राहिल्यामुळें मूळ नांव पुसलें गेलें तरी वस्तु पुसली गेली नाहीं. दुसरा मार्ग जुन्या मालाच्या बाजाराचा. पुण्याच्या जुन्या बाजारांत आपण ढिगांतून नेमका स्क्रू शोधतों, तसेच तेथील हौशी लोक मोडक्या इंजिनांच्या पेट्या विकत घेतात व तीन मृत इंजिनांतून एक जिवंत करतात. तिसरा मार्ग अगदीं अलीकडचा. संगणकावर भागाचें चित्र काढून यंत्राकडून तो भाग थरावर थर चढवून घडवून घेतां येतो. पण या नव्या यंत्रालाही प्रथम मापच सांगावें लागतें.

१९९१ सालीं आयर्विन ॲथर्न यांचें निधन झालें. २००४ सालीं त्यांची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडे गेली, आणि उत्पादन चीन देशांत होऊं लागलें. आजचीं इंजिनें पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक सुबक आहेत, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्यांतील बरींचशीं एका खेपेपुरतींच काढलीं जातात. खेप संपली कीं त्यांचे भागही संपतात. सौंदर्य वाढलें आणि आयुष्याची हमी घटली, असा हा सौदा आहे. जुनें ओबडधोबड इंजिन मात्र चारआठ आण्यांच्या मोलाच्या भागावर पुन्हा धांवूं लागतें.

हें सर्व परदेशांतील हौशी लोकांचें कौतुक झालें, आपला याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर आपल्याच रुळांवर आहे. १९६२ सालीं अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ या जातीचीं २,६०० अश्वशक्तीचीं डीझेल इंजिनें भारतांत आलीं, आणि १९६४ पासून तीं वाराणशीच्या कारखान्यांत तयार होऊं लागलीं. १९६९ सालीं अमेरिकेंत आल्कोनें इंजिनें करणें बंद केलें. जन्मदाता गेला. तरीही वाराणशींत तीं इंजिनें पुढें कित्येक वर्षें तयार होत राहिलीं, कारण नकाशे व मापें आपल्या हातीं आलेलीं होतीं. पुढें १९८१ सालीं पतियाळा येथें डीझेल इंजिनांचे सुटे भाग करण्यासाठीं व जुनीं इंजिनें नव्यानें उभारण्यासाठीं स्वतंत्र कारखानाच स्थापन झाला. टेबलावरच्या इंजिनाची जी कथा, तीच येथें सहस्रपट मोठ्या आकारांत घडली.

आपल्याकडील हौशी कारागिरांपुढें मात्र एक खास अडचण आहे. आपला मोठा मार्ग १,६७६ मिलिमीटर रुंदीचा; ८७ नें भागल्यास १९.३ येतात, आणि तयार रूळ व चाकें मिळतात तीं १६.५ चीं. खऱ्या प्रमाणाशीं इमान राखावें, तर चाकापासून रुळापर्यंत सर्व कांहीं स्वतः करावें लागतें; जगाच्या मापाशीं जुळवून घ्यावें, तर इंजिन किंचित अरुंद पायांवर उभें राहतें. बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात. यांत मला कमीपणा वाटत नाहीं. तीन मिलिमीटरांचा त्याग करून जगांतील सर्व सुट्या भागांचें भांडार उघडें होत असेल, तर तो सौदा शहाणपणाचाच आहे. ज्यांना छोट्या आगगाड्यांचें हें विश्व प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, त्यांच्यासाठीं पुण्यांत कोथरूड भागांत १९९८ सालीं जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय उघडलें गेलें. मुलांना घेऊन जावें, असें तें स्थळ आहे.

श्रोतेहो, आपल्या घरांत आज कितीतरी यंत्रें येतात आणि एखाद्या लहानशा भागावांचून भंगारांत जातात. कधीं तो भाग मिळत नाहीं, कधीं तें यंत्र उघडूंच नये अशा रीतीनें बंद केलेलें असतें. वस्तु विकत घेतांना आपण तिचें रूप पाहतों, किंमत पाहतों. तिसरा एक प्रश्न दुकानदाराला विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे: याचा भाग मोडला, तर दुसरा मिळेल काय? हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनीं विचारला, तर कारखानदारालाही त्याचें उत्तर तयार ठेवावें लागेल. ज्या संघापाशीं शिक्षेचें कोणतेंच साधन नव्हतें, त्याचीं मापें अमेरिकेंत याच रीतीनें रूढ झालीं होतीं.